दादीचा दुपट्टा आणि प्लास्टिकची पिशवी

गेल्या वर्षी भाचीचा निकाह ठरला, तेव्हा अम्मीने लोखंडी पेटीतून आमच्या दादीचा लाल रेशमी दुपट्टा काढला. भाचीने निकाहाला तोच ओढावा, ही तिची फार दिवसांची इच्छा. "प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय, हवासुद्धा लागू दिली नाही," असे ती सगळ्यांना सांगत होती. पिशवी उघडली तर आतून चिकट. जरीचा काठ काळा पडलेला, आणि जिथे घडी होती तिथे रेशीम सरळ रेषेत फाटलेले. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही.

मी शाळेत भाषा शिकवते, विज्ञान नव्हे. पण त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

साडीसाठी मिळणारी जाड, मऊ, चेनची पारदर्शक पिशवी बहुधा पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात आणि काही वर्षांनी तेच बाहेर झिरपते. चिकटपणा त्याचा. जुने होताना हे प्लास्टिक हायड्रोक्लोरिक आम्लही सोडते. शिवाय आमचा गोंदिया धानाचा जिल्हा. पावसाळ्यातली दमट हवा एकदा पिशवीत कोंडली की बाहेर जात नाही. जरीतली चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. म्हणजे "हवा लागू दिली नाही" ही आमची समजूतच उलटी पडली होती.

प्लास्टिक अमर असते, असे आपण म्हणतो. कचऱ्याच्या ढिगात ते खरे असेल, पण संग्रहालयवाल्यांना विचारा. जुने प्लास्टिक त्यांची मोठी डोकेदुखी आहे. आपल्या पुण्यातच ८ जानेवारी २००३ रोजी जुन्या चित्रपटांच्या कोठारांना आग लागली आणि प्रभातसह अनेक कंपन्यांच्या फिती जळाल्या. त्या नायट्रेटच्या होत्या, म्हणजे कापसापासून बनवलेल्या पहिल्यावहिल्या प्लास्टिकच्या. जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या आतच असतो, म्हणून ते पाण्याखालीही जळत राहते. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट त्याच आगीत गेला, असे अनेकजण सांगतात. पण राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर सांगत असत की तो संग्रहालयाच्या हाती कधी आलाच नव्हता. नायट्रेटनंतर आलेली अ‍ॅसिटेटची फीत पेट घेत नाही, पण आंबते. घरातल्या जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरचा वास येत असेल, तर त्या बंद डब्यातून काढून कागदी पाकिटांत, इतरांपासून वेगळ्या ठेवा. हा वास वाढतच जातो.

वस्तू नेमकी कशाची आहे, हे कळल्याशिवाय संग्रहालयात तिला हात लावत नाहीत. तिच्यावर अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक पदार्थ त्यातले ठरावीक किरण शोषतो, त्यावरून रेशीम, सुती किंवा कोणते प्लास्टिक ते ओळखता येते. धागा जाळून पाहावा लागत नाही. लखनौला १९७६ पासून याच कामाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जतन केंद्र आहे. कापडाच्या दालनात अंधार का, म्हणून आपण कुरकुरतो. रेशमाला साधारण ५० लक्सहून जास्त प्रकाश सोसत नाही, म्हणून तो अंधार.

अशा दालनात मश्रू दिसले तर जरूर थांबा. औरंगाबादला हिमरूसोबत हेही विणले जाई. बाहेरून रेशीम, अंगाला लागणारी बाजू सुती. पुरुषांना रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी काढलेली ही वाट; नावाचा अर्थच 'शरीअतने परवानगी दिलेले'. पण एकाच कापडात दोन स्वभावांचे धागे असल्याने जपणाऱ्याला दोघांचीही काळजी घ्यावी लागते.

आता दुपट्ट्याचे. शेजारच्या खाला म्हणाल्या, जरी चिंचेने घासा. मी घासू दिली नाही. आंबट पदार्थाने चांदीचा मुलामाच निघतो आणि रेशीम आणखी कमजोर होते. धुणे नाही, इस्त्री नाही, अत्तर तर मुळीच नाही. जुनी, अनेकदा धुतलेली, खळ नसलेली पांढरी मलमल घेतली आणि दुपट्टा मलमल मध्ये घालून गुंडाळला, घडी घातली नाही. घडी घालावीच लागली तर आत कापडाची वळी ठेवावी आणि दर काही महिन्यांनी जागा बदलावी. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नये. पावसाळा संपला की सावलीत उघडून पाहावे. आणि घरातला जुना निकाहनामा कृपा करून लॅमिनेट करू नका. ते पुन्हा सोडवता येत नाही.

भाचीने दादीचा दुपट्टा ओढला नाही. निकाहाच्या दिवशी तो तिच्या शेजारी ताटात, मलमलीवर ठेवला होता, आणि अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावू देत नव्हती. नव्या दुपट्ट्याची जरी कशाची, असे मी दुकानदाराला विचारले होते. "मॅडम, आता चांदी कुठली? पॉलिस्टरच्या पट्टीवर अ‍ॅल्युमिनियम," तो म्हणाला. त्याची चेनची पिशवी मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली.