कयाक : उलटून सावरण्याची विद्या

ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांची कयाक म्हणजे लांकडी सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून केलेली एका माणसाची अरुंद होडी. बर्फाळ समुद्रांत ती उलटली तर पोहून निभाव लागत नाहीं; हातपाय लवकरच गारठतात. म्हणून शिकारी बसल्या जागींच वल्ह्याच्या आधारानें पाण्याखालून फिरून वर येई. वल्हें सुटलें तर नुसत्या हातानें! मोटारबोटी आल्या व विसाव्या शतकांत ही विद्या लोपूं लागली. तेव्हां १९८५ च्या सुमारास तरुणांनीं कयाक-मंडळांचा संघ काढला आणि जाणत्या वृद्धांचें शिष्यत्व पत्करलें. आतां वार्षिक मेळाव्यांत लहानथोर उलटून सावरण्याचे अनेक प्रकार करून दाखवितात. अशी विद्या केवळ पुस्तकांत टिकत नाहीं. देणारा हयात आहे तोंवरच ती घ्यावी लागते.