तिरप्या उजेडातली अक्षरे

संग्रहालयात शिलालेखाचा ठसा पाहून झाला, की मूळ लेख पाहायला जाण्याचा बेत ठरतो. जुन्नर परिसरातील शाळांना नाणेघाट जवळचा. पण जावे केव्हा? पावसाळ्यात वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे पाहावेत. लेख वाचायचा असेल तर आम्ही हिवाळा सुचवू.

तिथल्या लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे येतात. १,७०० लिहिताना हजाराचे चिन्ह, पुढे शंभराच्या चिन्हाला जोडलेले सात; शून्य नाहीच! मात्र अक्षरे झिजलेली आहेत. बॅटरी समोरून धरली तर खाच आणि दगड सारखेच उजळतात. ढगाळ उजेडही चहूकडून येतो, म्हणून सावली पडत नाही. समजा, खाच २ मिलिमीटर खोल आहे. प्रकाश भिंतीशी ६० अंशांचा कोन करून आला तर सावली जेमतेम १ मिलिमीटरची. १० अंशांनी आला तर ११ मिलिमीटर, म्हणजे सारी खाचच काळी दिसते.

हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात एका विद्यार्थ्याने बाहेर आरसा धरून कवडसा भिंतीलगत आत सोडावा (कुणाच्या डोळ्यांवर नव्हे). खडूने अक्षरे भरणे कटाक्षाने टाळावे. दगड घासला जातोच, शिवाय एकाने चुकीची भरलेली रेघ पुढचा वाचक अक्षर म्हणून वाचतो. आधी वर्गात सराव करायला एक झिजलेले नाणे आणि बॅटरी पुरे.