कुपीत दहा, वाडीत चार

अलिबागजवळच्या थळ किंवा रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जाळं झाडताना शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला, की खलाशी दवाखाना गाठतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो. आपण लस घेतली असं त्याच्या मनातही येत नाही. पण ती लसच असते, आणि कोविडचा काळ सोडला तर या किनाऱ्यावरच्या बहुतेक पुरुषांना मोठेपणी मिळणारी ती एकमेव लस असावी. त्याच्या बायकोला हीच लस गरोदरपणात मिळते. एकाच घरात त्याला ती जखमेमुळे मिळते, तिला बाळामुळे. आणि शेवटचं बाळंतपण होऊन तीस वर्षं झालेली सासू सुकट निवडत बसलेली असते, ती कोणाच्याच यादीत नसते.

यात काय गमावलं जातं हे कळायला धनुर्वाताचा स्वभाव पाहायला हवा. बदनाम झालंय गंजलेलं लोखंड, पण रोग गंजातून येत नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत जागे होतात. हा रोग माणसाकडून माणसाला होतच नाही. गोवरासारख्या आजारात आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली, तर न घेतलेल्यालाही आडोसा मिळतो. धनुर्वातात तसा आडोसा नाही. सगळं गाव टोचून घेऊ दे, सुटलेली म्हातारी तेवढीच उघडी राहते.

२०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या माणसांची मोठी पाहणी झाली. त्यात फ्लूची लस घेतलेले निघाले साधारण दीड टक्का, आणि न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची न्यूमोकॉकल लस घेतलेले एक टक्क्याहूनही कमी. बहुतेकांना या लसी खासगी दवाखान्यात पदरचे पैसे मोजून घ्याव्या लागतात, त्यामुळे हा टक्का कोणत्या घरांतला असेल ते वेगळं सांगायला नको.

पण फुकट लसही सारखी पोचत नाही, आणि याचं कारण मला सगळ्यात थक्क करतं. २०२१ मधली कोविशील्डची कुपी घ्या. बोटाएवढ्या त्या काचेत दहा मात्रा. दोन ते आठ अंश तापमानात जपायची, आणि एकदा फोडली की चार तासांत संपवायची. अलिबागच्या केंद्रावर रांगेत दहा दंड मिळणं काहीच अवघड नव्हतं. आता तीच कुपी डोंगराच्या कुशीतल्या कातकरी आदिवासींच्या वाडीवर न्या. दिवाळीनंतर निम्मी वाडी उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर गेलेली. घरी चार मोठी माणसं. कुपी फोडली तर सहा मात्रा वाया, आणि वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब वर द्यायचा. सिस्टरने काय करावं? ‘पुढच्या वेळी येऊ’ म्हणून ती परतली, तर त्यात तिचा दोष नाही. कुपी दहांची ठरवताना ती गर्दीसाठी ठरली, एवढंच. शिवाय आधी ओळखपत्र लागायचं. ज्यांच्याकडे कुठलंच ओळखपत्र नाही त्यांच्यासाठी वेगळी कार्यपद्धती आली मे २०२१ मध्ये, मोहीम सुरू होऊन जवळपास चार महिन्यांनी.

एवढं सगळं बाजूला ठेवून ‘आदिवासी लस घेत नाहीत’ असं सहज म्हटलं जातं. भीती होती, ती नाकारायचं कारण नाही. पण त्या भीतीत रोजचा हिशेबही होता. टोचल्यावर दोन दिवस ताप आला तर त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार? पगारी माणूस रजा टाकतो, भट्टीवरच्या माणसाची उचल तशीच अंगावर राहते.

हा हिशेब जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसाहून आलेल्या वॉल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तिनेही सणकून ताप यायचा, दंड सुजायचा. शहरातले बरेच लोक लांब राहिले, पण खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. त्यांचे धर्मगुरू, विशीतले तिसरे आगाखान, यांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं होतं. लस तीच, शहर तेच. खोजांकडे होता तो त्यांचा स्वतःचा, डोळ्यांसमोर ताप सोसणारा माणूस. आणि इतरांची शंका निव्वळ अडाणीपणाची होती असंही नाही. १९०२ मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या मुलकोवाल गावी याच लसीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं गेली. बाटली दूषित झाली होती. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि तो पुसायला पुढे काही वर्षं गेली.

वाडीवरच्या आशाताई किंवा कोळीवाड्यातला जुना तांडेल यांचं वजन म्हणूनच पोस्टरपेक्षा जास्त पडतं. पण त्यांनी सांगून माणसं तयार झाली, तरी माणसं घरी असायला हवीत. फ्लूची लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावी असा सल्ला आपल्याकडे दिला जातो, कारण या भागात पावसाळ्यात फ्लूचा जोर असतो. किनाऱ्यावर मात्र एप्रिल-मेमध्ये खलाशी समुद्रात असतो आणि कातकरी भट्टीवर. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. त्याच सुमाराला भट्ट्या थंडावतात आणि वाड्या पुन्हा भरतात. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात दिलेली मात्राही जुलैच्या आत कामाला लागते. त्या आठवड्यात कोळीवाड्यात आणि वाडीवर दहांची कुपी फोडली, तर बहुधा एकही थेंब वाया जाणार नाही.