जुनी गाडी दुरुस्त करायची की नवी घ्यायची? आधी उभे दिवस मोजा



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की धंद्याची गाडी भावनेने ठेवायची नाही आणि भावनेने विकायचीही नाही. मग ठरवायचं कसं? व्हिडिओत आकडे पटापट सांगितले, लिहून घेताना काही जणांची धांदल झाली. म्हणून इथे सगळा हिशोब सावकाश मांडतो.

अंबड तालुक्यातल्या एका ताईंचंच उदाहरण घेऊ. मोसंबी आणि भाजीपाला भरून जालन्याच्या मोंढ्यात न्यायचा, हा त्यांचा धंदा. घरची पिकअप, एमएच २१ पासिंगची, १२ वर्षं जुनी, रनिंग २ लाख ६० हजार किलोमीटर. गाडी धूर मारायला लागली, चढाला दम लागायला लागला. मेकॅनिकने सांगितलं, "इंजिन बांधावं लागेल." बोअर-पिस्टन, इंजेक्टर, क्लच प्लेट धरून खर्च ७२ हजार. दीर म्हणाले, "वहिनी, डबड्यात कशाला पैसे घालता? नवी काढा." आणि बचतीत होते दीड लाख. निर्णय चुकला तर तेवढेही जायचे.

नेहमीची चूक

बहुतेक जण म्हणतात, "गाडीची किंमत सव्वा लाख आणि दुरुस्ती ७२ हजार? परवडत नाही." ऐकायला बरोबर वाटतं, पण ही तुलनाच चुकीची आहे. ७२ हजार वाचवून तुम्हाला नवी गाडी फुकट मिळणार नाहीये. तुलना करायची ती महिन्याच्या खर्चाची: जुनी चालवायला महिन्याला किती आणि नवी चालवायला किती?

जुनी गाडी, दुरुस्त करून (दर महिना)

इंजिनचं काम दोन वर्षं टिकेल असं धरू.

- ७२,००० भागिले २४ महिने: ३,००० रुपये
- टायर, ऑईल, किरकोळ कामं: ३,००० रुपये
- गाडी उभी राहिल्याने बुडालेली कमाई, २ दिवस, दिवसाचे निव्वळ १,२०० रुपये: २,४०० रुपये
- जादा डिझेल: ३,००० रुपये

एकूण ११,४०० रुपये.

डिझेलचं गणित असं: महिन्याला २,००० किलोमीटर. जुनी लिटरला १२ देते, नवी १५ देईल. म्हणजे साधारण ३३ लिटर जास्त. ९० रुपयांच्या आसपास भाव धरला तर ३ हजार.

नवी गाडी (दर महिना)

- ६ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ११ टक्के व्याज, हप्ता: सुमारे १३,००० रुपये
- सर्व्हिसिंग, टायर: १,२०० रुपये
- विम्याचा वाढीव खर्च: १,५०० रुपये

एकूण १५,७०० रुपये.

म्हणजे जुनी गाडी महिन्याला ४,३०० रुपयांनी स्वस्त. पाच वर्षांनी नवी गाडी आपली होते, हे खरं आहे. पण आधी ती पाच वर्षं निघाली पाहिजेत. आंबिया बहार आणि मृग बहार यांच्या मधल्या महिन्यांत फेऱ्या कमी होतात, हप्ता मात्र कमी होत नाही. बँकेला बहार कळत नाही, बरं का!

निर्णय फिरवणारा आकडा

आता फक्त एक आकडा बदलून पहा. गाडी महिन्यात २ ऐवजी ६ दिवस उभी राहिली तर? बुडालेली कमाई २,४०० वरून ७,२०० वर जाते. जुनीचा खर्च होतो १६,२००. झाली की नवीपेक्षा महाग!

सगळा निर्णय इथे फिरतो, आणि हा आकडा मेकॅनिकच्या बिलात नसतो. बिल आपण जपून ठेवतो, उभे दिवस कुणीच लिहीत नाही. शिवाय भरलेला माल वाटेत अडकला, मोंढ्यातली वेळ चुकली, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, हे नुकसान वेगळंच.

मी ताईंना विचारलं, "सहा महिन्यांत गाडी किती दिवस उभी होती?" त्या म्हणाल्या, "लई दिवस, सर." मी म्हटलं, "लई म्हणजे किती?" उत्तर नव्हतं. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी त्यांच्या मुलीने गाडी बंद असल्याच्या खुणा केल्या होत्या. मोजल्या तर १३ निघाल्या. म्हणजे महिन्याला दोनच्या थोडं वर. मनाला वाटत होतं "रोजच बंद", कॅलेंडर वेगळंच सांगत होतं.

इंजिन बांधण्याआधी हे तपासा

१. चॅसी. गाडी खालून धुऊन घ्या. चॅसीला तडा किंवा गंजाने खाल्लेली जागा असेल, तर वरचा सगळा हिशोब विसरा. ब्रेक आणि स्टिअरिंगबाबतही तडजोड नाही. तिथे प्रश्न जिवाचा आहे.

२. दुसरा मेकॅनिक. कॉम्प्रेशन तपासून घ्या. कधी कधी पूर्ण इंजिन न बांधता इंजेक्टरच्या कामावर भागतं. कोटेशन लेखी घ्या.

३. फिटनेस. मालवाहू गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी होतं, त्यानंतर दरवर्षी. पुढची तारीख कधी आहे आणि पास व्हायला अजून काय काम निघेल, ते आधीच विचारा. नाहीतर ७२ चे ९५ होतात.

४. काम कोणतं. गाव ते मोंढा वेगळं आणि समृद्धी महामार्गावरून मुंबई-नागपूर वेगळं. तासन्‌तास सलग वेगात जुने टायर आणि जुनं इंजिन तापतं. लांबचं काम वाढवायचं असेल तर जुन्या गाडीच्या भरवशावर वाढवू नका.

नवी घेणारच असाल तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. म्हणून जुनं कोटेशन धरून हिशोब करू नका, नवं मागा. आणि नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो, तेही धरा. गाडी भंगारात काढायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि प्रमाणपत्र घ्या. त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. आपल्याला नेमकी किती मिळेल, ते आरटीओत विचारून घ्या.

आणि ज्यांचा धंदा आत्ताच सुरू होतोय, महिन्याला आठ-दहाच फेऱ्या आहेत, त्यांनी जुनीही घेऊ नका आणि नवीही नको. भाड्याने गाडी लावा. फेऱ्या वाढल्या की मग बघू.

ताईंनी काय केलं?

चॅसी चांगली निघाली, इंजिन बांधून घेतलं. पण मी दोन अटी घातल्या. पहिली: वाचलेल्या पैशांतले ४ हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकायचे. दोन वर्षांत ९६ हजार आणि वर व्याज. पुढच्या गाडीचं डाऊन पेमेंट तिथूनच येणार. दुसरी: सलग दोन महिने गाडी पाच-पाच दिवस उभी राहिली, तर अजून पैसे न घालता विकायची. "एवढे घातलेत, अजून थोडे घालू" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. चालू गाडीला गिऱ्हाईक असतं, बंद गाडीला भंगारवाला.

तुमचे आकडे वेगळे असतील, त्यामुळे उत्तरही वेगळं येईल. गॅरेजमध्ये उभं राहून घाईत ठरवू नका. आज घरी गेल्यावर कॅलेंडरशेजारी एक पेन बांधा आणि गाडी उभी राहील त्या दिवशी फुली मारा. तीन महिन्यांनी त्या फुल्या मोजा आणि वरच्या हिशोबात तुमचा आकडा टाका.