पहिले अठ्ठावीस दिवस

माझ्या आजीला सात मुले झाली, जगली चार. गेलेल्या तिघांची नावे विचारली तर ती म्हणते, "बारसं झालं असतं तर नावं असती!" पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते, असे आपल्याकडे मानतात. त्या भीतीला आधार होता. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बालकांपैकी सुमारे पाऊण हिस्सा पहिल्याच आठवड्यात दगावतो.

त्याची कारणे मात्र नशिबात नाहीत. अपुरे दिवस व कमी वजन, जन्मताच श्वास न घेणे आणि जंतुदोष ही त्यांतली तीन प्रमुख. यांवर इलाज दवाखान्यातच, अशी समजूत होती. पण दवाखाना दूर असेल तर?

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात याचे उत्तर शोधले. ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी प्रशिक्षण दिले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ताप पाहत, त्याला उबेत ठेवायला शिकवीत, श्वास अडला तर मदत करीत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत, ते सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत आकडा ६० च्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ मध्ये आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी भेटी देण्याची योजना देशभर सुरू झाली.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती नोंद. खातेवहीत न चढलेला तोटा कोणी भरून काढत नाही. भारतात १९७१ साली हजारामागे १२९ बालके वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ होता. पण त्या २८ पैकी २० पहिल्या महिन्यातलीच! म्हणजे उरलेली बाकी मुख्यतः याच दिवसांच्या खात्यावर आहे.

गेल्या वर्षी ताईच्या बाळाला बघायला आशाताई आल्या. त्यांनी बाळाला झोळीच्या काट्यावर तोलले, वजन कार्डावर लिहिले. आजी उंबऱ्याशी बसून बघत होती. म्हणाली, "आमच्या वेळी कोणी मोजलंच नाही गं."