टणक म्हणजे टिकाऊ?

कोकणातल्या जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर चढलात, की पायाखालच्या फळ्या करकर वाजतात. त्यांच्यावर पोती ठेवली जातात, नारळांचे ढीग रचले जातात. मग अशा फळ्यांना लाकूड कोणतं घ्यावं? "सगळ्यात टणक!" असं तुम्ही पटकन म्हणाल. थांबा, आधी टणकपणा मोजू या.

१९०६ साली गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने एक युक्ती काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायची आणि किती जोर लागला ते पाहायचं. हेच माप का? तेवढ्या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा बघू. जवळजवळ १ चौरस सेंटिमीटर येतं!

खेळातली विमानं ज्याची करतात, त्या बाल्सा लाकडाला साधारण ४० किलोंचा जोर पुरतो. सागाला सुमारे ४८०, बास्केटबॉलच्या मैदानाला वापरतात त्या मेपलला ६५०, तर शिसवीला तब्बल ११०० किलो!

म्हणजे शिसव सागाच्या दुपटीहून टणक. तरी मान सागाला का? कारण ही गोळी फक्त खड्डा पडेल की नाही, एवढंच सांगते. पावसाचं आणि वाळवीचं काय? आपल्याकडे चार महिने पाऊस. टणक फळीही आतून पोखरली, तर पाय खाली जायचाच! सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं. त्याला वाळवी सहजी लागत नाही, आणि ते फुगतं-आकसतंही कमी. मुंबईत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं सागवानी जहाज 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

आणि मऊ लाकूड म्हणजे वाईट असंही नाही हं! पांगारा जमिनीला कुचकामी; पण हलका आणि कोरायला सोपा, म्हणून सावंतवाडीची खेळणी त्याचीच होत आली.

आता एक प्रयोग. सुतारकाकांकडून वेगवेगळ्या लाकडांचे सारख्या जाडीचे, सुके तुकडे आणा. तुकडा पक्क्या जमिनीवर ठेवा. त्यावर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर पालथा घाला. जुन्या बेअरिंगमधली मोठी पोलादी गोळी १ मीटरवरून सोडा. ठिपका जितका मोठा, तितकं लाकूड मऊ. प्रत्येक तुकड्यावर पाचदा करून सरासरी काढा.

आणि घरात दुरुस्ती निघाली, तर आईबाबांबरोबर वखारीत जरूर जा. फळी किती टणक, एवढंच विचारू नका. वाळवी लागते का, पावसात फुगते का, गाभ्यातली आहे का, हेही विचारा!