उघडत्या टपाच्या जुन्या मोटारगाडीची मूळ साधनसामग्री

कापडी टप मागे दुमडून ठेवता येणाऱ्या मोटारगाडीस कन्व्हर्टिबल म्हणतात. अशी गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा रंग, आसनांचे आच्छादन, टपाचे कापड आणि ग्राहकाने जादा किंमत देऊन निवडलेली साधने (उदा., रेडिओ, जादा दिवे, पांढऱ्या कडांचे टायर) कोणती होती, हे पुराव्याने ठरविणे म्हणजे मूळ साधनसामग्रीची निश्चिती होय.

शोधाची साधने : सांगाड्यावरील (चॅसीवरील) व एंजिनावरील क्रमांक प्रथम नोंदणी-पुस्तिकेशी ताडून पाहतात. अनेक अमेरिकन गाड्यांत एंजिनामागील पत्र्यावर धातूची पट्टी असते. तीवर बॉडीचा प्रकार, रंग व अस्तर यांचे संकेतांक आढळतात. एमजीसारख्या ब्रिटिश गाड्यांच्या कारखान्यातील नोंदींवरून गेडन (इंग्लंड) येथील ब्रिटिश मोटार संग्रहालय प्रमाणपत्र देते. रोल्स-रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी केवळ सांगाडा पुरवीत असे व बॉडी अन्य कारागीर बांधीत. त्यामुळे अशा गाडीबाबत दोन्हींच्या नोंदी पाहाव्या लागतात. कागदपत्रे नसल्यास रंगाचे खालचे थर, टपाच्या चौकटीत अडकलेले कापडाचे तुकडे आणि पत्र्यावरील जुनी छिद्रे उपयोगी पडतात.

मुंबईत जुळणी झालेल्या गाड्या : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे आयात भागांपासून गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळविल्या जात. निर्यातीसाठी प्लिमथचीच बॉडी ‘डॉज किंग्जवे’ व ‘डीसोटो डिप्लोमॅट’ या नावांनीही विकली जाई. अशा गाडीकरिता केवळ नाव पाहून अमेरिकेतील डॉजची माहितीपुस्तिका वापरल्यास भलतेच भाग बसविले जातात.

महत्त्व : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने दुचाकी वा चारचाकी वाहन मूळ स्वरूपात असेल, तसेच त्याचा सांगाडा, बॉडी वा एंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल, तरच ते ‘व्हिंटेज’ ठरते. त्यास ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. मात्र त्याचा नित्य वा व्यापारी वापर करता येत नाही. जोगेश्वरी परिसरातील वाहनांचे नोंदणीविषयक काम अंधेरीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आहे. दुरुस्तीत जुना रंग खरवडला वा मूळ कापड टाकून दिले, की त्यांतील पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी गाडीची छायाचित्रे, मोजमापे व नमुने जपून ठेवणे आवश्यक असते.